बिनसाखरेचं घर

सासरे उपचारासाठी आमच्याकडे सोलापुरात राहायला आले, त्याच दिवशी सासूबाईंनी घरातली साखर बाहेर काढली. साखरेचा डबा, गुळाची ढेप, काकवीची बाटली, नवऱ्याने हैदराबादहून आणलेला बिस्किटांचा पुडा, देवापुढची खडीसाखरसुद्धा. सगळं एका पिशवीत भरून त्या शेजारच्या काकूंना देऊन आल्या आणि मग मला सांगितलं. आधी विचारायचं वगैरे त्यांच्या स्वभावात नाही.

"आजपास्नं ह्या घरात गोड न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्यास्नी पुरतं बरं वाटंपत्तूर न्हाय. देवीपुढं बोललेय मी."

आमच्याकडे सून सासूला आत्या म्हणते आणि सासऱ्याला मामा. मीही तेच म्हणते. तर आत्यांचा हा नवस. सासरच्या गावी, करकंबला, घरचा ऊस, पिढ्यानपिढ्या उसात वाढलेली माणसं, आणि त्यांच्याच घरात चहा बिनसाखरेचा. मी कर्नाटकाच्या सीमेवरच्या मैंदर्गीची. माझ्या माहेरी चहात साखर घालत नाहीत, साखरेत चहा घालतात. पहिल्या दिवशी तो फिका चहा तोंडात घेतला आणि कन्नडात काहीतरी पुटपुटले. रागावले की मी कन्नडात बोलते, कारण सासरी ते कुणाला कळत नाही.

पण बोलायला जागा नव्हती. मामांना शुगर होती, बरीच वर्षं होती. त्यांना गोड वर्ज्यच. म्हणजे देवीचंही तेच म्हणणं आणि डॉक्टरचंही तेच. नवस आणि डॉक्टर एका बाजूला झाले की सुनेनं गप्प बसावं, एवढं मला लग्नानंतर कळायला लागलं होतं.

मामांचा खरा आजार शुगर नव्हता. त्यांना टीबी झाला होता, आणि तोही साधा नाही. गावाकडे आधी खोकल्याची इंजेक्शनं झाली, मग टीबीची नेहमीची औषधं झाली, आणि मामा काही सुधारेनात. शेवटी तपासणीत कळलं की त्यांच्या छातीतले जंतू नेहमीच्या औषधांना दादच देत नाहीत. त्यासाठी वेगळ्या गोळ्या असतात, त्या सरकारी केंद्रातून मिळतात, आणि त्या चालू असताना रक्त, हृदयाचा आलेख, डोळे असं सगळं सारखं तपासावं लागतं. करकंबहून दर वेळी कोण आणणार? म्हणून ते आमच्याकडे आले. समोरची खिडकीची खोली त्यांना दिली, ताट-वाटी वेगळी केली. शेजारी आम्ही सांगितलं, मामांना दमा आहे.

केंद्रातली डॉक्टरीण माझ्याहून लहान असेल, पण समजावून सांगायची. या गोळ्या जोरकस आहेत, म्हणाली. पायाला मुंग्या येऊ शकतात. नजर कमी होऊ शकते. रक्त कमी होतं. सारख्या उलट्या झाल्या किंवा श्वास उगाच जोरात चालायला लागला, तर लगेच या, कारण कधी कधी या औषधाने रक्तात अ‍ॅसिड साठतं. आणि शुगर तपासत राहा, ती इकडेतिकडे होऊ शकते. आत्या तिच्या प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणत होत्या. मी मान डोलवत होते. आजारासाठी औषध घ्यायचं की औषधासाठी आणखी एक औषध शोधायचं, असं मला झालं. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात ते मी आजवर नुसतं बोलायचं म्हणून बोलत आले होते.

त्या दिवसापासून मी मामांच्या मागे लागले. सकाळी उठल्यावर त्यांना समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे बारीक आकडे वाचायला लावायचे. तळपायाला झाडूची काडी लावून "कळतंय का?" विचारायचे. श्वास मोजत दारात उभी राहायचे.

"हिला न्हाय व्हय दुसरं काम?" मामा ओरडायचे. "मी काय गाभण म्हस हाय व्हय सारखं बगत ऱ्हायला?"

मामांचा राग सगळ्या करकंबला माहीत होता. नाकावरच असायचा. ते टीव्हीवर पावसाचा अंदाज सांगणाऱ्या माणसाला शिव्या द्यायचे. कुकरची शिट्टी वेळेत झाली नाही तर कुकरला द्यायचे. शेजारच्या काकूंच्या घरी खाली यंत्रमाग होते, दिवसभर खटखट चालायची. त्या खटखटीशी मामांचं वेगळंच भांडण होतं. आत्या हसून म्हणायच्या, "जित्याची खोड मेल्या..." आणि पुढचा शब्द गिळून टाकायच्या. त्या घरात ती म्हण पुरी करायची कुणाची छाती नव्हती.

मग शुगर उतरायला लागली.

मी मशीन आणलं होतं. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा, आकडा बघायचा. जन्मात कधी ताळ्यावर न आलेली मामांची शुगर एके दिवशी ताळ्यावर आली. पुढच्या वेळी त्याहून खाली. आमच्या घरात शुगर फक्त वाढते, असाच आजवरचा अनुभव. इकडेतिकडे म्हणजे वर, याबद्दल कुणाच्या मनात शंकाच नव्हती. ती खाली जातेय म्हटल्यावर आनंदीआनंद झाला. आत्यांनी देवीपुढे नारळ फोडला. मेथीची पूड, कारल्याचा रस, जांभळाच्या बिया, असं त्या मामांना रोज काहीबाही देत होत्या. त्याचं कौतुक फोनवरून करकंबपर्यंत पोचलं. नात्यातल्या बायका माझ्याकडे पुडीचं प्रमाण विचारायला लागल्या. मीही सांगत होते, हावरटासारखी. इतक्या काळजीत एक तरी गोष्ट बरी चाललीय, हे सांगायला मिळत होतं. ज्याची भीती होती ते सगळं मी रोज तपासत होते. ज्याचा आनंद होत होता तिकडे निरखून बघायचं कुणाला सुचलं नाही.

शुगरची गोळी मामांना पंढरपूरच्या एका डॉक्टरांनी फार पूर्वी लिहून दिली होती. ती ते सकाळी तोंड धुतल्याबरोबर घ्यायचे, तशी सवयच होती. ती तशीच चालू होती. टीबीच्या गोळ्यांनी त्यांना मळमळायचं, जेवण निम्म्यावर आलं होतं. तरी ती गोळी तेवढीच.

त्याच सुमारास मामांचा राग वाढला. म्हणजे तो आधीही होता, पण आता त्याला अर्थ राहिला नाही. एकदा सकाळी मी भाकरी थापत होते. ते आतून ओरडले, "हितं मला उपाशी मारायला आणलंय व्हय? सगळे चोर हायत!" मी ताट घेऊन गेले तर कपाळावर घाम, हात थरथरतायत, माझ्याकडे असं बघतायत, जशी मी परकी कुणी. भाकरी त्यांनी भिरकावली. माझ्याही तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मामा, अन्न फेकायचं असेल तर तुमचं तुम्ही उचला." आत्यांनी मधे पडून त्यांना दोन घास भरवले. थोड्या वेळाने बघते तर मामा लोण्यासारखे मऊ. मलाच विचारत होते, "पोरी, तू जेवलीस का?"

"भूक सोसत न्हाय त्यास्नी," आत्या म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं. तापट माणसाचा आजार लपायला रागासारखी जागा नाही. दुसरा कुणी शांत माणूस असता तर आम्ही त्याच दिवशी दवाखाना गाठला असता.

सोलापुरात पाणी रोज येत नाही. मधे काही दिवस जातात, आणि ज्या दिवशी येतं तो दिवस पाण्याचा. त्या दिवशी स्वयंपाक नाही, नाश्ता नाही, देवपूजाही मागे. नळ सुटला की घरातलं हातपाय असलेलं प्रत्येक माणूस पिंप, घागरी, बादल्या, पातेली भरत सुटतं, आणि पाणी गेलं की मग चहाचं आधण. आमच्या गल्लीत हे इतकं अंगवळणी पडलेलं की पाण्याच्या दिवशी कुणी कुणाला "जेवलात का?" विचारत नाही, "भरलं का?" विचारतात.

तो पाण्याचा दिवस होता. नवरा टॉवेलची ऑर्डर घ्यायला परगावी गेलेला. त्याच्या नोकरीत महिन्यातले निम्मे दिवस तो बाहेरच असतो. मी आणि आत्या पाइप धरून धावत होतो. मामांनी उठून तोंड धुतलं, सवयीने शुगरची गोळी घेतली, आणि खोलीत जाऊन बसले. एरवी एवढ्यात त्यांच्या पुढ्यात भाकरी-दूध असायचं. मधे एकदा त्यांचा आवाज आला, चढलेला. मी म्हटलं, ओरडू देत. मग आवाज आला नाही, तेही मला बरंच वाटलं.

शेवटची घागर आत ठेवून मी खोलीत डोकावले. मामा कॉटच्या कडेला बसले होते. बनियन घामाने चिंब भिजलेलं. मान एका बाजूला. मला म्हणाले, "बैलं सुटली. धर की." जीभ जड झालेली, शब्द ओठातच घोटाळत होते. आमच्याकडे बैल उरलेच नाहीत. बैल जाऊन ट्रॅक्टर आला त्याला किती वर्षं झाली.

"आत्या!" मी ओरडले. त्या आल्या, बघितलं, आणि कपाळावर हात मारला. "लकवा मारला गं ह्यास्नी! लकवा मारला!"

मलाही तेच वाटलं. पण हात आपोआप मशीनकडे गेला. त्यांचं बोट धरलं तर बर्फ. टोचलं, थेंब येईना, दाबून काढला. मशीनने आकडाच दाखवला नाही. नुसतं "लो" असं आलं. आकडा दाखवण्याच्याही खाली. ती दोन इंग्रजी अक्षरं मी पुन्हा पुन्हा वाचली. आणि डॉक्टरीण काय म्हणाली होती ते तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. इकडेतिकडे.

"साखर!" मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात धावले.

आता हे लिहिताना लाज वाटते इतका तो वेडेपणा होता. मी डबे उघडत होते. एकामागून एक. ज्वारीचं पीठ, तूरडाळ, शेंगदाण्याची चटणी, मेथीची पूड, जांभळाची पूड. टोपलीत कारली. साखर या घरात नाही हे मला माहीत होतं, महिनोन् महिने त्यावरून मी कुरकुरले होते, तरी मी डबे उघडतच होते. दूध यायचं होतं. केळंसुद्धा नव्हतं, कारण केळ्यानेही शुगर वाढते. ज्यांच्या शेतातला ऊस साऱ्या दुनियेचा चहा गोड करतो, त्यांच्या सुनेच्या हाताला चमचाभर साखर लागत नव्हती.

तशीच अनवाणी शेजारी धावले. काकूही पाणी भरत होत्या. मी नुसतं "साखर द्या, साखर" म्हणाले. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग आत तेलुगूत काहीतरी ओरडल्या, सून डबा घेऊन आली, आणि डब्यासकट काकू माझ्यामागे आमच्या घरात. दम्याची गोष्ट आम्ही सांगितली होती, त्यामुळे असेल, नसेल, त्या उंबऱ्यात अडखळल्या नाहीत. पुढे कधीतरी त्या मला म्हणाल्या, "दम्याला एवढ्या गोळ्या असतात होय गं? आमच्यात पण होऊन गेलाय तो टीबी." तोवर मी उगाचच तोंड लपवत फिरले होते.

वाटीत साखर घेऊन थोडं पाणी घातलं आणि मामांच्या तोंडाशी नेली. त्यांनी ओठ मिटले. मी बोटाने थोडी आत सारली. ती जिभेला लागली असेल, कारण त्यांनी ती थुंकली.

"गोड न्हाय," ते म्हणाले. "तिचं... देवीचं... न्हाय."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. त्या अवस्थेत, मान धरवत नाही, मला ओळखत नाहीत, पण बायकोचा नवस त्यांना आठवत होता. दात गच्च आवळलेले. जन्मभर तिच्यावर ओरडलेला हा माणूस तिचा शब्द मोडायला तयार नव्हता. मी हात जोडले, ओरडले, "मामा, तोंड उघडा, जाल हो!" काकू त्यांच्या गालावर थोपटत होत्या. दात काही सुटेनात.

आत्या कॉटच्या पायाशी दगडासारख्या उभ्या होत्या. देवीचं नाव घेत असाव्यात, ओठ हलत होते. मग त्या पुढे आल्या, माझ्या हातातून वाटी काढून घेतली, आणि त्यातली मूठभर ओली साखर स्वतःच्या तोंडात कोंबली. मामांच्या अगदी डोळ्यांपुढे. गाल भरून, ओठांवरून पाक ओघळतोय, तशा त्या चावत होत्या.

"बगा," त्या म्हणाल्या. "खाल्ली मी. मोडला माझा नवस. आता तुमी खावा."

मामांनी आत्यांकडे बघितलं. काय समजलं कोण जाणे. त्यांचे दात सुटले. आत्यांनी चिमूट चिमूट साखर त्यांच्या गालात सारली, आणि प्रत्येक चिमटीला त्या "गिळा, गिळा" म्हणत होत्या, लहान लेकराला म्हणावं तशा. त्यांनी गिळली. थोड्या वेळाने त्यांनी डोळे नीट उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "ही कशापायी रडतीया?"

काकूंच्या मुलाने रिक्षा आणली. दवाखान्यात सलाईन लागलं, साखरेचं. शुगर चढली, आम्ही श्वास सोडला, आणि दुपारी ती पुन्हा उतरली. पुन्हा चढवली, पुन्हा उतरली. डॉक्टर म्हणाले, हे असं होतं. शुगरची गोळी अंगात बराच वेळ राहते. आणि टीबीच्या या गोळ्या शुगरच्या पेशंटची शुगर स्वतःच खाली ओढतात. त्यात खाणं निम्म्यावर, त्यात त्या सकाळी पोटात काहीच नाही. "घरात शुगर कमी येत होती, तेव्हा आला का नाहीत?" त्यांनी विचारलं. आम्ही नारळ फोडत होतो.

मग त्यांनी रक्तात अ‍ॅसिड साठलंय का ते बघायला रक्त पाठवलं. ते फार वाढलं असेल तर टीबीची ती मुख्य गोळी बंद करावी लागेल, म्हणाले.

"आणि ती बंद केली तर टीबीचं?" मी विचारलं.

"ते मग बघावं लागेल," ते म्हणाले. डॉक्टर लोक "बघू" म्हणतात तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती वाटते. गोळी चालू ठेवली तर रक्त बिघडणार, बंद केली तर छाती. मी बाकावर बसून राहिले. नवरा फोनवर सारखं "निघालोय, निघालोय" म्हणत होता. आत्या माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि पदराने ओठ पुसत होत्या. ओठ कधीच कोरडे झाले होते, तरी पुसत होत्या.

रिपोर्ट आला. वाढलं होतं, पण गोळी बंद करण्याइतकं नाही. केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलणं झालं. ती गोळी निम्मी केली, पंढरपूरची शुगरची गोळी पूर्ण थांबवली, रक्त पुन्हा पुन्हा तपासायचं ठरलं. मामा घरी आले. आल्याबरोबर यंत्रमागाला एक शिवी दिली. मला इतकं बरं वाटलं की मी देवघरात जाऊन रडले.

वाटलं, सुटलो. खरं तर भीती आता कुठे घरात राहायला आली.

साखर घरात परतली. माझ्या पर्समध्ये पुडी, मामांच्या बंडीच्या खिशात पुडी, खिडकीत, उशाशी, न्हाणीघराच्या फळीवर पुडी. तिथे मुंग्या झाल्या. सात रस्त्याजवळ एका सीएच्या ऑफिसात मी नोकरी करते. तिथून मी तासातासाला आत्यांना फोन करायचे. "मामा काय करतायत?" "बसल्यात." "ओरडतायत का?" आणि त्या "व्हय" म्हणाल्या की मी खुर्चीवरून उठायचे. मग मी म्हणायचे, "साखर द्या आधी, मग बोट टोचा."

त्यांच्या रागात आता मला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. मामांनी आवाज चढवला की मी पुडी घेऊन उभी. वर्तमानपत्र चुरगळलं, साखर. भाजीत मीठ जास्त म्हणाले, साखर. शेवटी शुगर इतकी वर गेली की केंद्रातल्या बाईंनी मला झापलं. "आधी तपासा, मग द्या. प्रत्येक वेळी नको." त्यांचं बरोबर होतं. पण त्यांनी तो "लो" बघितला नव्हता.

आत्यांची भीती वेगळी होती. त्या पुन्हा गोड खात नव्हत्या, पण नवस मोडला तो मोडला. मामा नुसते खाकरले तरी त्या हातातलं काम टाकून कान द्यायच्या. एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "देवीनं मनावर घेतलं नसंल न्हवं गं? मी खाल्ली म्हणून ह्यांचं दुखणं फिरून आलं तर?" मग खाली बघून म्हणाल्या, "दुसरं कायतरी बोलावं म्हणते. भाकरी सोडते की."

मी तडकले. "आत्या, आता देवीला काहीएक बोलायचं नाही. तुम्ही एक साखर सोडली तर माणूस जाता जाता राहिला. भाकरी सोडलीत तर मी दोन पेशंट घेऊन कुठे जाऊ?" बोलले आणि वाईट वाटलं. त्यांचा हात धरला. तो थंड होता. मी म्हटलं, "देवी बाई आहे ना? तुमच्या जागी तिनेही खाल्ली असती." माझी अशी श्रद्धा आहे की नाही, मला माहीत नाही. त्या वेळी मात्र मी ते मनापासून म्हटलं. आत्यांनी मान हलवली आणि तांदूळ निवडायला लागल्या. त्यांचं समाधान झालं नव्हतं.

थुंकीचे रिपोर्ट स्वच्छ यायला लागले. वजन थोडं वाढलं. गोळ्या अजून चालू होत्या, पण शेवट दिसायला लागला होता. आणि नेमके तेव्हा मामा गप्प झाले.

आधी मला कळलंच नाही. कुकरची शिट्टी उशिरा झाली, काही नाही. पावसाचा अंदाज सांगणारा माणूस रोज चुकत होता, मामा नुसते बघत होते. पाणी हवं असेल तर हळूच मागायचे. भाजी अळणी झाली तरी खायचे. कुणी पाहुणा यावा आणि ओझं होऊ नये म्हणून बेतानं वागावा, तसे ते स्वतःच्या मुलाच्या घरात वागायला लागले. मला ऑफिसात काम सुचेना. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, या गोळ्यांनी माणूस मुका होतो का? त्यांनी कागदावरून मान वर केली आणि म्हणाल्या, "घरात काही झालंय का?" मी नाही म्हटलं.

एका रविवारी सकाळी करकंबहून मामांच्या पुतण्याचा फोन आला. शेताचं विचारत होता, मामा कधी येणार म्हणत होता. मी बोलून गेले, "औषध संपलं तरी मामा आता इथेच राहतील. तिकडे कोण बघणार त्यांना?" फोन ठेवला आणि वळले. मामा दारात उभे होते.

"कुणी ठरवलं?" ते म्हणाले.

"मामा, तुमच्या भल्यासाठीच..."

"कुणी ठरवलं म्हंतो मी!" तो आवाज कितीतरी दिवसांनी ऐकला. भिंती हादरल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता, कपाळावर घाम होता, हात थरथरत होते. तेच सगळं. अगदी तेच. माझा हात टेबलावरच्या मशीनकडे गेला. मी नेला नाही, तो गेला.

मामांनी त्या हाताकडे बघितलं आणि वाक्य अर्धवट तोडलं.

"थांब," ते म्हणाले. बंडीच्या खिशात हात घातला, पुडी काढली, दातांनी फाडली आणि सगळी साखर तोंडात ओतली. माझ्याकडे बघत बघत ती करकर चावली. गिळली. तोंड उघडून दाखवलं.

"खाल्ली," ते म्हणाले. "झालं समाधान? आता ह्यो राग साखरंचा न्हाय, माझा हाय. माझं काय काय तुमी घेतलंसा, ते घ्या. राग तरी माझा माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या की, पोरी. आता खाली बस आन् ऐक."

मी कॉटच्या कडेला बसले. ते बोलायला लागले. मला न विचारता माझं मरण-जगणं ठरवणारी तू कोण. शेत माझं हाय, घर माझं हाय, त्याचं दार बंद हाय ते कुणी उघडायचं. कपाटात ठेवायची वस्तू न्हाय मी. हितला च्या पाण्यावानी, हितली माणसं हळू बोलत्यात जसा मी रोजच मरतोय. आवाज चढत गेला. आत्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या, आणि एरवी म्हणतात तसं "हळू बोला" म्हणाल्या नाहीत.

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. मामांचे हात अजून थरथरत होते. मशीन हाताच्या अंतरावर होतं. प्रत्येक वाक्याला वाटत होतं, बघावी का, एकदाच बघावी का. मी बघितली नाही. त्यांचं सगळं बोलून होईपर्यंत मी तशीच ऐकत बसले.